तुमचा एक दिवस आमच्यात राहिला

आबा, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहावं एवढा मी तुमचा कोणी नव्हतो. तुम्ही गेल्यावर वर्तमानपत्रांत ज्यांनी लिहिलं, ते तुमच्याबरोबर रंगमंचावर उभे राहिलेले, तुमच्याबरोबर म्हातारे झालेले लोक आहेत. माझी तुमची ओळख एका हिवाळ्यातली, आणि त्यानंतर तुंगार्लीला तुमच्या घराच्या व्हरांड्यात अधूनमधून घेतलेल्या चहाची. कॉलेजच्या अंकासाठी लिही असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुला जे माहीत आहे ते त्या मोठ्या लोकांना माहीत नसेल." घरी येऊन विचार केला तर ते खरं निघालं. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं खरं नाव सगळ्यांना माहीत आहे. मी आबाच लिहितो, कारण आमच्या गावात, बेडशात, तुम्ही आबा होतात. आमच्याकडे शूटिंग झालेल्या त्या सिनेमात तुम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करायला आलात, त्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणायचे, आणि आमच्या वस्तीनं शूटिंग संपल्यावरही नाव बदललं नाही. तुम्हालाही ते आवडायचं. मी पहिल्या दिवशी "सर" म्हणालो तेव्हा तुम्ही मागे वळून बघितलंत, जसं काही माझ्या कॉलेजचे कोणी सर मागे उभे आहेत.

तुमच्यावरच्या प्रत्येक लेखात एक वाक्य आहे. एवढा मोठा नट, पण चांगल्या छोट्या सिनेमासाठी नाममात्र मानधनावर काम करायचा. हे खरंच आहे. आमच्या सिनेमात तुम्ही जे घेतलंत ते तुमच्या मेकअप करणाऱ्या माणसाच्या पैशांपेक्षा कमी होतं, हे त्या मेकअपवाल्यानंच मला हसत हसत सांगितलं होतं. पण ते वाक्य वाचलं की मला तुमच्या मोठेपणाच्या आधी माझी आई आठवते. तुम्हालाही तीच आठवली असती.

तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. सिनेमावाल्यांना गावातली माणसं गोळा करून देणारा कोणीतरी हवा होता आणि मला तुमच्या दिग्दर्शक ताईंशी नीट बोलता येत होतं, म्हणून ते काम मला मिळालं. भात झोडणीच्या प्रसंगासाठी बायामाणसं हवी होती. मी घरोघरी गेलो, रोज किती मिळणार ते सांगितलं, दुपारचं जेवण सांगितलं. लोक आले ते सिनेमासाठी कमी आणि माझ्या शब्दासाठी जास्त. सोमाचा पोरगा शिकलाय, तो सांगतोय म्हणजे बरोबर असणार, असं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजरनी सगळ्यांना ठरल्याच्या निम्मेच पैसे दिले. मी जवळ गेलो. काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "अरे, एवढा मोठा माणूस इथे जवळजवळ फुकट काम करतोय. त्याला बघायला मिळतंय हे काय कमी आहे? आणि तुम्हाला पूर्ण रोज पाहिजे?" मी मान हलवली. होय अशी की नाही अशी, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खळ्यावर आलात, धोतर नेसून, रंग लावून. भाताची पेंढी फळीवर कशी झोडायची ते तुम्ही आईकडून शिकत होतात. कॅमेरा अजून लागायचा होता.

"असं झोडलं तर दाणं पेंढ्यातच ऱ्हात्याल," आई म्हणाली. "जोर खांद्यातून काढा. गोंजारू नका त्याला."

"असं?"

"व्हय, आता जमाया लागलं." मग ती थांबली. "आबा, एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमी म्हणं फुकट आलाय हितं."

"फुकट नाही. थोडेसे घेतलेत."

"मग तुमच्यामुळंच बसला आमाला फटका. तुमी थोडं घेतलं म्हणून आमाला निम्मं दिलं. तुमाला परवडतंय वो. तुमी जरा महाग व्हा की."

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. पेंढी तशीच हातात धरून तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"हे खरं आहे?"

मी पायाजवळचा भुसा बघत राहिलो. आईनंच सांगितलं, "त्याला काय इचारताय, त्याच्या तोंडातून पैशाचा शबुद निघत न्हाई. दुकानात सुट्टं परत मागायलाबी मीच जाती."

मग तुम्ही जे केलंत ते वस्तीत अजून सांगतात, आणि सांगताना दरवेळी थोडं वाढवतात. मी पाहिलं तेवढंच लिहितो. तुम्ही झोडायच्या फळीवर बसलात. शॉट तयार आहे असं सांगायला मॅनेजर आले तेव्हा तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "आजपासून माझा बाजारभाव लावा."

"म्हणजे?"

"बाहेर घेतो तेवढे."

ते हसले. तुम्ही गंमत करताय असं त्यांना वाटलं. तुम्ही बसूनच राहिलात. "यांचा रोज कापायला तुम्ही काल माझं नाव वापरलंत. वापरा. पण नाव महाग आहे माझं. ते स्वस्तात हवं असेल तर यांना ठरलेलं द्या, कालचं धरून."

दिग्दर्शक ताई धावत आल्या. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांचा चेहराच सांगत होता. दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांना राहिलेले पैसे मिळाले. तुम्ही उठलात, पेंढी उचललीत आणि आईला म्हणालात, "खांद्यातून, ना?"

त्या दिवशी जेवताना तुम्ही मला शेजारी बसवलंत. "तू का नाही बोललास?"

"मला मागता येत नाही," मी म्हणालो. "मागायला गेलं की वाटतं, आपल्याला इथे येऊ दिलं हेच खूप आहे. जास्त बोललो तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत."

तुम्ही पिठल्यात भाकरी कुस्करत म्हणालात, "मलाही येत नव्हतं."

आबा, तेव्हा मला धीर आला आणि मी तुमच्याशी वाद घातला. म्हणालो, तुम्ही फळीवर बसून राहिलात कारण तुम्ही तुम्ही आहात. मी बसलो असतो तर मला उचलून बाजूला ठेवलं असतं आणि शॉट घेतला असता. तुम्ही म्हणालात, "मग काय करू? पूर्ण पैसे मागितले असते तर हा सिनेमा झालाच नसता. ही दिग्दर्शक पोरगी कुठून देणार होती?" मी म्हणालो, कमी घ्या, पण कमी घेताना अट घाला की खालच्या कोणाचं कमी होणार नाही. तुम्ही म्हणालात, अट घालून केलेली मदत म्हणजे मदत राहते का? तो वाद तिथे सुरू झाला आणि शेवटपर्यंत संपला नाही. दर भेटीत आपण तो थोडा पुढे नेत होतो. माझ्या बाजूचं एक चांगलं उत्तर मला परवा सुचलं. आता ते घेऊन कुठे जाऊ?

शूटिंग संपलं आणि माझ्या वडिलांनी घरात जाहीर केलं की रविवारी तुंगार्लीला जायचं आहे, तुमच्यात राबायला.

मी म्हणालो, "बाबा, ते सिनेमातलं काम होतं. सावड नाही ती."

सावड शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. लावणीला किंवा कापणीला शेजारी आपल्या वावरात येऊन राबतात. मजुरी घेत नाहीत, घरधन्यानं जेवू घालायचं. मग आपण त्यांच्या वावरात जायचं. जो आला त्याच्याकडे जायचं, एवढाच हिशोब.

बाबा म्हणाले, "कुणात राबलं ते? आपल्यात. पैसं घेतलं का? घेतल्यासारकं न्हाई घेतलं. वर आपल्या रोजासाठी स्वतःचं काम बंद पाडलं. मग आता आपण नको का जायाला?"

टेम्पो भरून माणसं निघाली. मी तुम्हाला आधी फोन करायला हवा होता, पण काय सांगणार होतो? तुम्ही सकाळी दार उघडलंत तर फाटकात अख्खी वस्ती विळे, खुरपी घेऊन उभी. रहिमा मावशी, ज्या तुमचं घर आणि तुम्हाला दोघांनाही सांभाळायच्या, त्या मागून ओरडल्या, "कोण आलंय एवढं? मोर्चा आहे का?"

"जय भीम आबा," बाबा म्हणाले. "कुटनं सुरू करू?"

तुम्ही गोंधळून पाकीट आणायला आत गेलात. बाबांनी हात जोडले. "पैसं नको. दुपारचं जेवू घाला, बास."

मग झाली ती गंमत. तुमच्या अंगणाच्या कडेला पांढऱ्या तुऱ्यांचं गवत होतं, छातीएवढं. ते तुम्ही नर्सरीतून आणून, माळी लावून, हौसेनं वाढवलेलं आहे हे आम्हाला कोणाला माहीत असणार? आमच्याकडे गवत अंगणात वाढलं तर घरात आळशी माणूस आहे असं समजतात. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत ते कापून, भारे बांधून फाटकाशी लागलेलं होतं.

"अल्ला, साहेबांचं गवत," मावशी म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

बाबा घाम पुसत म्हणाले, "लय माजलं व्हतं. पार साफ केलं. भारं न्हेऊ का? गुरांना व्हतील."

तुम्ही त्या भाऱ्यांकडे बघितलंत, उघड्या पडलेल्या मातीकडे बघितलंत, आणि पायरीवर बसून इतके हसलात की तुम्हाला खोकला लागला. "न्या," म्हणालात. "मागच्या बाजूला अजून थोडं आहे, तेही न्या."

दुपारी आम्ही सगळे तुमच्या व्हरांड्यात जेवलो. मावशींनी रस्सा केला होता आणि तुम्ही स्वतः वाढत होतात. माझ्या आईच्या ताटात वाढताना म्हणालात, "आता माझी पाळी."

"व्हय. लावणीला या," बाबा म्हणाले. "पर चिखलात उतरावं लागंल. हितं कॅमेरा न्हाई, कुणी थांबवणार न्हाई."

त्या पावसाळ्यात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुम्ही बाबांना फोन करून येता येत नाही म्हणून सांगितलंत. बाबा फोन ठेवल्यावर बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत होते. एवढ्या मोठ्या माणसानं लावणीला येता येत नाही म्हणून कळवलं, याचं त्यांना काय करावं ते समजत नव्हतं. पुढच्या वर्षी तुम्ही आजारीच होतात.

पण मी येत राहिलो. मला आवाज रेकॉर्ड करण्याच्या कामाची गोडी तुमच्या शूटिंगमध्येच लागली होती. कानाला हेडफोन लावून मी पहिल्यांदा आमच्याच खळ्याचा आवाज ऐकला, आणि तो मी रोज ऐकत होतो तरी कधी ऐकलाच नव्हता असं वाटलं. तिसऱ्या वर्षाला आल्यावर पुण्यातल्या एका स्टुडिओत इंटर्नशिपची चौकशी केली. ते म्हणाले, शिकायला मिळेल, पैसे मिळणार नाहीत. मी आनंदानं तुम्हाला सांगायला आलो. म्हणालो, तुम्ही नाही का कामासाठी काम करता? मीही तसंच करणार.

तुम्ही चिडलात. तुम्हाला माझ्यावर चिडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

"फुकट काम करायला आधी घरात पैसा लागतो," तुम्ही म्हणालात. "स्वस्तात काम करणं ही माझी चैन आहे, सुमेध. कोणी घोडे पाळतं, मी हे करतो. तुला ती परवडणार नाही."

मी म्हणालो, पण तुम्ही सुरुवातीला उपाशी राहून नाटकं केलीत असं वाचलंय.

"मी उपाशी नव्हतो. माझी बहीण शिवणकाम करत होती. मी कलेसाठी फुकट काम करत होतो आणि माझं जेवण तिच्या मशीनवर शिवलं जात होतं. माझं छापून येतं. तिचं कुठे येतं?" मग आवाज खाली आणून म्हणालात, "तुझे वडील फुकट राबतात. पण कुणात? जो उलट त्यांच्या वावरात येणार आहे, त्याच्यात. तो स्टुडिओवाला येणार आहे का तुमच्या लावणीला?"

आणि मग तुम्ही मला मागायला शिकवलंत. हे कोणाच्याही लेखात नाही. तुम्ही वेताच्या खुर्चीत बसून स्टुडिओचे मालक व्हायचात आणि मी फाटकापासून चालत येऊन पैसे मागायचे. तुम्ही कधी गोड मालक व्हायचात, "अरे, तू तर घरचाच" म्हणणारे. कधी माझ्याकडे न बघता फोनवर बोलत राहणारे. एकदा तर तुम्ही मला पाणी दिलंत, आईची चौकशी केलीत, आणि मी काही न मागता आभार मानून फाटकापर्यंत परत गेलो. मावशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "गेला परत रिकामाच."

माझी चूक तुम्हीच शोधून दिलीत. "तू आकडा सांगतोस आणि समोरचा तोंड उघडायच्या आत स्वतःच कमी करतोस. 'नाहीतर थोडे कमी चालतील' हे वाक्य तुझंच आहे, मालकाचं नाही. आकडा सांग आणि गप्प बस. ती शांतता त्याची आहे, त्याला सोसू दे."

मला ते व्हरांड्यात एकदाही जमलं नाही, आबा. शेवटच्या भेटीत तुमची तब्येत बरी नव्हती, शाल गुंडाळून बसला होतात, तरी मालक झालात. मी आकडा सांगितला, श्वास घेतला, आणि म्हणालो, "नाहीतर..." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "जा," म्हणालात. "तिथे जमेल. जमलं की कळव."

स्टुडिओत मी गेलो. मालक खरोखरच गोड निघाले. सगळं बोलून झाल्यावर मी आकडा सांगितला आणि गप्प बसलो. एसीचा आवाज येत होता, त्यात मध्येच एक बारीक खरखर होती, मी तिच्याकडेच कान लावून बसलो. "नाहीतर" जिभेवर आलेलं गिळलं. ते पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. एक तारखेपासून ये."

खाली रस्त्यावर येऊन तुम्हाला फोन लावला. बंद होता. मावशींना लावला. त्या म्हणाल्या की तुम्ही दवाखान्यात आहात, फोनवर कोणाशी बोलत नाही, बहुतेक वेळ झोपूनच असता. "संध्याकाळी डबा घेऊन जाते तेव्हा सांगीन," त्या म्हणाल्या. मी त्यांना आकडाही सांगितला, दोनदा. त्याच आठवड्यात कामशेतला चहाच्या दुकानात टीव्हीवर तुमचा फोटो दिसला. आवाज बंद होता. मला वाटलं, नवीन सिनेमा आला असेल.

तुमची बातमी माझ्यापर्यंत अशी आली. माझी तुमच्यापर्यंत पोचली की नाही, हे मला कळत नव्हतं. मावशींना विचारावं तर त्यांच्या दुःखात माझ्या पगाराची गोष्ट काढायची कशी? म्हणून मी पुन्हा मागायला घाबरलो, एवढंच म्हणा.

गेल्या रविवारी बाबांना घेऊन तुंगार्लीला गेलो. ते गवत पुन्हा आलंय, आबा, तुऱ्यांसकट. बाबांनी त्यावरून हात फिरवला. "ह्या वक्ताला न्हाई कापत," म्हणाले. मग पायरीवर बसून म्हणाले, "त्यांचा सावडीचा एक दिस आपल्यात ऱ्हायला. ऱ्हाऊ दे. फिटलं सगळं की मानूस इसरतो."

मावशींनी चहा आणला. मी काही विचारलं नव्हतं. कप हातात देता देता त्या स्वतःच म्हणाल्या, "तुझं सांगितलं हो मी त्यांना. त्या संध्याकाळीच. डोळे मिटलेले होते, वाटलं ऐकू जात नाही. म्हटलं, साहेब, सुमेधनं पैसे मागितले आणि त्यांनी दिले. तर डोळे उघडले आणि विचारलं, किती? मी आकडा सांगितला."

"मग?"

"हसले. म्हणाले, कमीच मागितले गाढवानं."